मोकळ्या प्लॉटातलं गवत

बेबाबाई महाजन यावलकडच्या, केळीवाल्या घरातल्या. लग्न होऊन नशिराबादला आल्या. नवरा गेल्यावर शेत वाट्याने दिलं आणि घरामागच्या वाफ्यांत त्यांनी जीव गुंतवला. वांगी, टमाटे, मिरची, मेथी, पालक, कडेला गवार. मुलगा भूपेंद्र जळगावला कंपनीत जातो. सून मोहिनी त्या वर्षी सातव्या महिन्यात होती. आधीचं एक बाळ चौथ्या महिन्यात पोटातच गेलं होतं, त्यामुळे घरात सगळे दबक्या पावलांनी वावरायचे. मोहिनी शिंकली तरी बेबाबाई दारात येऊन उभ्या राहायच्या.

बाजारातली भाजी मोहिनीच्या ताटात येऊ द्यायची नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. "त्याच्यावर काय काय मारता लोकं, देवालेच ठाव. आपलं घरचं खाय," असं म्हणून त्या रोज ओंजळभर पालक खुडून आणायच्या.

नवरात्र संपलं आणि ऊन तापलं. काळ्या मातीला भेगा पडायला लागल्या, सकाळी दिलेलं पाणी दुपारपर्यंत उडून जायचं. माती झाकायला हवी होती. दरवर्षी भाऊ तोताराम केळीची वाळली पानं पाठवायचा, पण यंदा त्याने सगळी रोटाव्हेटरने शेतातच गाडली. भूपेंद्र म्हणाला, मल्चिंग पेपर आणतो. "त्या काळ्या पलाष्टिकनं मुळ्या भाजतीन," म्हणून त्यांनी तो उडवून लावला. उडदाचं कुटार, म्हणजे मळणीतला भुसा, शेजारच्या म्हशीच्या दावणीला गेलं होतं. घरात शेंगांची टरफलं होती, ती एकाच वाफ्याला पुरली.

घरासमोरच्या मोकळ्या प्लॉटात मात्र गुडघाभर गवत वाढलं होतं. हिरवंगार, लुसलुशीत, फुकटचं. बेबाबाईंनी विळा घेतला, दोन-तीन भारे कापले, उन्हात टाकले आणि बाकी सगळ्या वाफ्यांवर छान जाड पसरून दिले. माती गार राहायला लागली. त्या खूश होत्या.

मग एका सकाळी टमाट्याचे शेंडे वाकलेले दिसले. पहिल्यांदा त्यांना वाटलं पाणी कमी पडलं. पण दोन-चार दिवसांत पानं दोऱ्यासारखी बारीक झाली, देठ पिळलेल्या फडक्यासारखे वळले. वांग्याची पानं द्रोणासारखी आत दुमडली. मेथीसुद्धा आडवीतिडवी वाढत होती. रोग असेल म्हणून त्यांनी उलटून-पालटून पाहिलं, अळी नाही, मावा नाही. शेवटी नजर टरफलांच्या वाफ्यावर गेली. तिथली मिरची आणि गवार ताठ उभी होती. त्या झाडांना काही म्हणजे काही झालेलं नव्हतं.

बेबाबाईंनी गवताची मूठ उचलून नाकाशी धरली. वास गवताचाच होता. तशाच त्या प्लॉटाकडे गेल्या. पाठीवर पंप घेऊन भाईदास पलीकडच्या रिकाम्या जागेत फवारत होता. धरणगावकडचा माणूस, मजुरीवर अशीच कामं करायचा.

"भाईदास, या प्लॉटात बी काही मारलं होतं का रे?"

"हा अक्का, हाऊ बी, तो बी, बठ्ठा प्लॉट मीच मारेल शेतस. गाजरगवतनं औषध शे ते." का विचारतात म्हणून त्याने पंपाचा दांडा थांबवला. "गवतले काही व्हत नही, फक्त गाजरगवत मरस. काब्रं, काय व्हयनं? ते गवत ढोरले तं नही टाकं ना?"

ढोरांना नाही, एवढं म्हणून त्या घराकडे वळल्या. गवत हिरवं राहिलं तरी औषध त्याच्यात होतंच, आणि त्याच गवताखालच्या मातीत वाढलेला पालक रोज कोणाच्या पोटात जात होता, हे त्यांना एकदम दिसलं.

घरात आल्या तर मोहिनी जेवायला बसलेली. घास हातात होता.

"ठेव ते!" बेबाबाई ओरडल्या आणि ताट ओढूनच घेतलं. भाजी जमिनीवर सांडली.

मोहिनी दचकून मागे सरली. "आई, काय झालं?"

"अळी... अळी निघाली त्याच्यात."

मोहिनीने सांडलेल्या भाजीकडे पाहिलं, मग सासूकडे. दुपारी ती कॉटवर पडल्या पडल्या म्हणाली, "आई, आज बाळ जरा गप्पच आहे हो."

बेबाबाई तिच्या पायाशी बसल्या आणि सगळं सांगितलं. गवत, औषध, वळलेली पानं. मोहिनीचे दोन्ही हात पोटावर गेले.

"सकाळीच का नाही सांगितलंत?" एवढंच ती म्हणाली.

भूपेंद्रला फोन झाला. दोघी रिक्षाने जळगावला निघाल्या. हायवेच्या प्रत्येक खड्ड्याला बेबाबाई "हळू रे बाबा" म्हणत होत्या आणि मोहिनी खिडकीबाहेर पाहत होती. दवाखान्यात नंबर येईपर्यंत त्या बाकावर पदराचं टोक पिळत बसल्या. आपल्या हाताने आपण... याच्या पुढे विचार जात नव्हता, आणि थांबतही नव्हता.

आत डॉक्टरबाईंनी पोटावर यंत्र फिरवलं. खरखर झाली, मग काहीच नाही, मग एकदम भरभर पळणारे ठोके खोलीभर वाजू लागले. मोहिनी हुंदके देऊन रडली. बेबाबाई भिंतीला टेकल्या.

"बाळाची वाढ चांगली आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "भाजीतून किती गेलं, गेलं की नाही, हे मी आज सांगू शकत नाही. आता ती खाऊ नका. तपासणीला वेळेवर या."

म्हणजे भीती संपली नव्हतीच. ती घेऊनच दोघी घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी बेबाबाईंनी गवत गोणीत भरलं, झाडं उपटली, वरची माती खरवडून वेगळी टाकली. भाईदासलाही बोलावून सांगितलं, फवारलं की प्लॉटाला खुणेची चिंधी बांधत जा म्हणून. पुढे वाट्याच्या शेतातून तुरीचं कुटार आलं, तर वाटेकऱ्याला त्यांनी इतके प्रश्न विचारले की तो वैतागला. तरी विश्वास बसेना. डब्यात माती भरून, वर ते कुटार टाकून त्यांनी वालाचे दाणे पेरले. पानं सरळ उघडल्यावरच कुटार वाफ्यात गेलं.

जानेवारीत मोहिनीला मुलगी झाली. ठणठणीत, घर डोक्यावर घेणारी. बेबाबाईंनी तिला मांडीवर घेतलं, पण कितीतरी वेळ दुपटं उघडायला त्यांचा हात होईना. शेवटी मोहिनीनेच ते उघडलं. "बघा आई, नीट बघा," ती म्हणाली.

उन्हाळ्याच्या तोंडाशी मेथी पुन्हा वर आली. खुडायचं धाडस बेबाबाईंना होत नव्हतं. मोहिनीने स्वतः जुडी खुडली, धुतली, भाजी केली. ताटं वाढली गेली तशी बेबाबाईंनी तिचा हात धरला. "थांब जराशी," म्हणाल्या. आधी त्यांनी स्वतः भाकरीला भाजी लावून खाल्ली, सावकाश, चव घेत घेत. मग ताट तिच्यापुढे सरकवलं.