संगणक आला तेव्हा मी धुळ्यात होते

फैजपूरच्या स्टँडवर भुसावळची एसटी लागली होती आणि माझे वडील, आबा, कंडक्टरला सांगत होते, "पोरीले खिडकीजोळ बसव रे बापा, तिले गाडी लागते." मला गाडी लागत नव्हती. लहानपणी एकदा लागली होती, तेवढंच. पण त्या दिवशी घर सोडायची धास्ती आबांना माझ्या चेहऱ्यावर दिसली असणार. आई खालून दशम्यांचा डबा वर देत होती, आणि रस्त्यापलीकडे केळीच्या ट्रकमध्ये घड चढवणारी माणसं काम थांबवून आमच्याकडे बघत होती. जळगावला एम.कॉम. झालेली मुलगी पुण्याला पीएच.डी. करायला चाललीय, हे सगळ्यांना माहीत होतं. विषय मात्र मी कोणाला धड सांगत नव्हते. एकदा काकांना सांगितला, तर ते हसले. "दुकानाचं कसलं वं संशोधन? जायाचं, पुडा घ्यायाचा, वापस यायाचं." आबा हसले नाहीत. ते म्हणाले, "शिक. पन वापस येशीन अशी शिक."

खानदेशातल्या माझ्या माणसांनो, तुमच्यापैकी जे तिथेच राहिले त्यांना, आणि जे माझ्यासारखे निघून गेले त्यांनाही, हे लिहितेय. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. पुण्यात विभागाच्या संगणक कक्षात चपला बाहेर काढून जावं लागे, देवळात जावं तसं. आत एसीची थंडी. आपण चुकीचं बटण दाबलं तर काही तरी जळेल, या भीतीने माझी बोटं आखडत. आमच्या मार्गदर्शक बाई कडक होत्या. त्या म्हणाल्या, मोठ्या शहरांवर सगळेच लिहितात. तू तुझ्या भागात जा. धुळ्यात एक मोठं भांडार होतं: किराणा, भांडी, कापड, सगळं एका छपराखाली. तिथे संगणकावर बिलं सुरू होणार होती. संगणक येण्याआधी, येताना आणि आल्यावर तिथली माणसं आणि गिऱ्हाइकं कशी बदलतात, हे मला पाहायचं होतं. मॅनेजर साहेबांनी आनंदाने परवानगी दिली.

राहायची सोय अक्कांनी केली. अक्का त्याच भांडारात किराण्याच्या काउंटरवर होत्या. नवरा वारलेला, मुलगी नंदुरबारला दिलेली, देवपुरात दोन खोल्यांचं घर. "हॉटेलमा कशाले ऱ्हास? मना घर मोकळंच शे," असं म्हणून त्यांनी माझी वळकटी उचललीसुद्धा. रोज सकाळी आम्ही दोघी पांझरेचा पूल ओलांडून भांडारात जायचो. दिवसभर मी कोपऱ्यात बसून बघत असे, दुपारी एकेकाशी बोलत असे. सुरुवातीला कोणी बोलेना. मग मी प्रत्येकाला सांगितलं, तुम्ही जे सांगाल ते मी लिहीन, पण तुमचं नाव कुठे येणार नाही आणि साहेबांना तर मुळीच कळणार नाही. अक्कांनी माझ्यासाठी शब्द टाकला, तेव्हा कुठे लोक मोकळे झाले.

संगणक आला. त्याला हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. पुण्याहून आलेल्या तंत्रज्ञाने एक बिल छापून दाखवलं तेव्हा टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांच्या डोळ्यांत मात्र वेगळंच होतं, आणि ते मला दुपारी ऐकायला मिळे. कोणी म्हणे, माझं दहावीचं इंग्रजीच राहिलंय. कोणी म्हणे, डोळे दुखतात असं सांगून दुसरं काम मागीन. अक्का मला जेवताना म्हणाल्या, "मशीन बठ्ठं करी, मंग आमी काय करसूत?" मी म्हटलं, "अक्का, मशीन सगळं नाही करत. शिकलं की येतं." त्यांना शिकायचं होतं. पण सगळ्यांसमोर चुकायची लाज वाटत होती.

मला जे दिसत होतं त्याने माझीही झोप उडाली होती. तरुण गिऱ्हाइकांना छापील बिल आवडत होतं. काउंटर भराभर मोकळे होत होते. जितकी माणसं लागत होती तितकी आता लागणार नाहीत, हे खरं होतं, आणि ते खरं लिहिणं हेच माझं काम होतं. ज्यांच्या ताटात मी जेवत होते त्यांच्याबद्दल.

अशात एके दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. माझ्या अभ्यासाचं कौतुक केलं. मग सहज म्हणाले, "तुम्ही सगळ्यांशी बोललात. कोण शिकायला तयार आहे आणि कोण नाही, एवढी नावं फक्त सांगा. तोंडी सांगा. आम्हाला पुढची आखणी सोपी जाईल."

मी म्हटलं, विचार करून सांगते. नाही म्हणायचं धाडस तिथल्या तिथे झालं नाही. परवानगी गेली तर अर्धवट अभ्यास पुण्यात कोणी स्वीकारणार नव्हतं. एक वर्ष वाया. घरी चोपड्याचं एक स्थळ सांगून आलंच होतं. आबांनी ते थांबवून धरलं होतं ते माझ्या पीएच.डी.च्या भरवशावर. तीन-चार दिवस मला अन्न गोड लागलं नाही. साहेब दुकानात फिरताना माझ्याकडे बघून हसले की मी वहीत डोकं घालत असे.

रविवारी अक्का बुद्धविहारातून आल्या, आणि मी त्यांना सगळं सांगून टाकलं. त्या चुलीशी बसल्या होत्या, वळूनही पाहिलं नाही. "मी तुनावर इस्वास ठेवा," त्या म्हणाल्या, "मनं चुकनं का?"

"मी नावं देणार नाही, अक्का."

"मंग तुले काढी देतीन."

"काढू देत."

आता त्या वळल्या. राग गेला नव्हता, पण त्यात काळजी मिसळली होती, आणि ती माझ्यासाठी होती हे पाहून मला रडूच कोसळलं.

सोमवारी मी केबिनमध्ये गेले. अक्का न सांगता मागोमाग आल्या आणि दाराशी उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "साहेब, मी शब्द दिलाय, नावं सांगता येणार नाहीत. शिकवायचं असेल तर सगळ्यांना शिकवा. संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर मी थांबेन, मला येतं तेवढं शिकवेन."

साहेब रागावले नाहीत, तेच जास्त भीतीदायक होतं. "तुमचा अभ्यास संपला, ताई," ते शांतपणे म्हणाले. "उद्यापासून यायची गरज नाही."

मी त्याच दिवशी निघाले. फैजपूरला पोचले तेव्हा आईला वाटलं, पोरगी कायमची आली, आणि ती आनंदली. आबा मात्र ओसरीत माझ्याजवळ येऊन बसले. हकिगत ऐकून म्हणाले, "शब्द देला व्हता ना? मंग झालं." चोपड्याच्या मंडळींना त्यांनी नकार कळवला.

मी पुन्हा सुरुवात केली, जळगावच्या औषधाच्या दुकानांपासून. पीएच.डी. झाली, उशिरा झाली. पण तुम्हाला वाटेल की माझ्या नकाराने अक्कांची नोकरी वाचली, तर तसं घडलं नाही. वर्षभरात भांडारातली निम्मी माणसं कमी झाली. अक्कांना आधी गोदामात धान्याची पाकिटं भरायला बसवलं, मग तेही बंद केलं. त्या देवपुरात घरी पापड-कुरडया करून विकू लागल्या. मी भेटायला गेले. त्यांनीच विचारलं, "आते कोनतं दुकान देखी ऱ्हायनी?" त्या मला पापडाच्या लाट्या करायला बसवून मी आल्याचं शेजारणीला सांगत होत्या, "मनी पोर उनी पुण्याथीन."

आता मी इंग्लंडमध्ये एका विद्यापीठात शिकवते. विषय तोच. इथल्या सुपरमार्केटमध्ये बारकोडवर लाल उजेड पडतो, टूं वाजतं, आणि कोणी काय कधी घेतलं हे यंत्र लक्षात ठेवतं. मुलाखतीआधी आम्ही कन्सेंट फॉर्म देतो, त्यावर गुप्ततेचं वाक्य छापलेलं असतं. समोरचा न वाचता सही करतो. तो पेन खाली ठेवतो तेव्हा दर वेळी मला साहेबांची केबिन आठवते. कंपनीकडून ई-मेल आला की उघडायच्या आधी हात थांबतो. ही धास्ती जाईल असं मला वाटायचं. आता वाटतं, ती गेली तर मी हे काम सोडावं.

घर कुठलं, असं इथे लोक विचारतात. मी फैजपूर सांगते, मग नकाशावर शोधायला मदत करते. पण गेल्या खेपेला सुट्टीहून परतले तेव्हा इथल्या विमानतळावरून आधी आबांना फोन लावला, आणि नंतर देवपूरला. अक्कांकडे फोन नाही. शेजारच्या पिठाच्या गिरणीत आहे. गिरणीवाला "थांबा, हाक मारतो" म्हणून गेला. फोनकार्डावरचे पैसे भराभर उतरत होते. पलीकडे पट्ट्याची घरघर, कोणाची तरी हाक, चपलांचा आवाज. घर म्हणजे, पोचल्याचं जिथे कळवावंच लागतं ते. मग धापा टाकणारा आवाज आला.

"पोचनी का व माय?"

"पोचले, अक्का."