लाईन चांगली होती

फैय्याज गेल्याचा फोन आला, तेव्हा मी कनेरगाव नाक्यावर एका ढाब्याची इंटरनेटची लाईन जोडत होतो. नांदेडच्या दवाखान्यातून त्याची थोरली बहीण नसीमआपा बोलत होती. "सुनील, आपला फैय्याज गेला रे…" मला वाटलं, अपघात झाला असेल. कारण नांदेडला मामाकडे चाललोय, असंच तो मला सांगून गेला होता. ज्याच्याशी मी रोज संध्याकाळी खेळायचो तो माणूस आजारी आहे, हे मला माहीतच नव्हतं. हे आता कुणाला सांगायचीही लाज वाटते.

डोंगरकडा या आमच्या गावात त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आणि माझं घरोघरी फायबर जोडायचं काम. शाळेत असताना आम्ही कळमनुरीच्या गेम पार्लरमध्ये एकाच बाकावर बसून मारामारीचे गेम शिकलो आणि पुढे आपापल्या घरून ऑनलाइन खेळू लागलो. या गेममध्ये सगळा हिशेब पापणी लवण्याएवढ्या वेळाचा असतो. समोरच्याने लाथ उचललेली दिसली की अडवायचं बटण दाबायचं. लाईन अडखळली, की बटण दाबूनही आपला गडी ढिम्म उभा राहतो आणि मार खातो. त्यालाच लॅग म्हणतात. फैय्याजला लाथ मारणं म्हणजे वाऱ्याला मारण्यासारखं होतं. आणि दोनेक वर्षांपूर्वी तोच फैय्याज मार खाऊ लागला.

"सुन्या, तुझी लाईन अटकून राहिली रे. मी बटण दाबून राहिलो अन् गडी हलूनच न्हाई राहिला."

"माझ्याकडं तं बराबर चालू हाय."

"तुझ्याकडं असंल. तू कंपनीचा माणूस!"

झालं. मी राउटर बदलला, वायफाय काढून थेट वायर ओढली, खांबापासूनचे सगळे जोड नव्याने केले. ऐन मे महिन्यात त्याच्या तापलेल्या पत्र्यावर चढलो, तर हा खाली सावलीत उभा राहून "डावीकडं घे, अजून थोडी घे" असं सांगत होता. तपासणीचा मीटर दर वेळी लाईन चांगली दाखवायचा. मी मीटरवर संशय घेतला, त्याच्यावर नाही.

मग गावातल्या पोरांनी ऑनलाइन स्पर्धा ठेवली. तो पहिल्याच फेरीत हरला आणि सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "लाईन याची हाय, मी काय करू?" पोरं खो खो हसली. पुढे कितीतरी दिवस लोक मला रस्त्यात थांबवून विचारायचे, काहून रे, तुझी लाईन अटकते म्हणे? त्या संध्याकाळी मी त्याच्या घरी जाऊन त्याची माफी मागितली. आणि त्याने ती घेतली! वर म्हणाला, "जाऊ दे रे, तू तरी काय करशील."

चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला त्याच्या घरी गेलो, तेव्हा आपाने सगळं सांगितलं. स्नायू झिजत जाण्याचा आजार. सुरुवात उजव्या हातापासून झाली, शेवटी श्वासही घेता येईना. दुकान कायमचं बंद करताना डोळे थकले म्हणाला होता, तेही खोटंच. "त्यानं शपथ घातली होती मला," आपा म्हणाली. "म्हणे, सुन्याला कळलं तं तो मुद्दाम हरंल."

हरलो असतो कदाचित. काय बिघडलं असतं? दवाखान्यात त्याच्या उशाशी बसलो असतो, दोन गोष्टी बोललो असतो… ते सगळं त्याने माझ्याकडून काढून घेतलं, आणि बदल्यात माझ्या कामाला गावभर नावं ठेवून गेला.

आपा चहा टाकायला आत गेली. मी त्याच्या खोलीत जाऊन टीव्हीवर आमचा गेम लावला, त्याचा कंट्रोलर हातात घेतला. ठोसा मारायला गेलो तर गडी हलेना. वायर तपासली, पुन्हा दाबून पाहिलं, काही नाही. शेवटी सेटिंग उघडलं. उजव्या हाताची सगळी बटणं त्याने बंद केली होती. ठोसा, लाथ, अडवणं, सगळं डाव्या बोटांवर आणून ठेवलं होतं.

मी उजवा हात मांडीवर ठेवला आणि तसंच खेळून पाहिलं. समोर नुसता कॉम्प्युटर होता, तोही सगळ्यात सोपा. एक ठोसा धड लागला नाही. याच्यावर तो रोज माझ्याशी लढत होता, थोडक्या फरकाने हरत होता. आणि मी जिंकलो की त्याला म्हातारा म्हणून चिडवायचो. ते त्याने मला करू दिलं. बाकी सगळं एक वेळ विसरेन, पण त्याबद्दल मी त्याला माफ केलेलं नाही.