जपानातलं 'सुम्ने'

आमच्या घरात 'सुम्ने' हा शब्द मिठासारखा सगळ्यात पडतो. कन्नडमधून आला आणि आमच्या मराठीत घर करून बसला. सुम्ने बस म्हणजे गप्प बस. सुम्ने आले म्हणजे काम काही नाही, सहज आले. पुण्याचे पाहुणे ऐकून हसतात. हसोत बापडे. आमचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोड्यांवर होते. तेव्हापासून कानडी मुलखात राहून आम्ही मराठी टिकवली, ती काय कोणाकडून शुद्ध करून घ्यायला?

आईला चिंता होती ती माझ्या लेकीची. पोरगी आजीशीसुद्धा कन्नडमध्येच बोलायची. मराठीत विचारलं तरी उत्तर कन्नडमध्ये, नाहीतर इंग्रजीत. त्यात तिने कॉलेज सांभाळून जपानी शिकायला घेतलं, तेव्हा आईने कपाळाला हात लावला. "जगाची भाषा येते, घरची नाही. माझ्याबरोबर आपली मराठी पण जाणार बघ," असं ती म्हैसूरच्या जयलक्ष्मीपुरम भागातल्या आमच्या घरी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. मी हसण्यावारी न्यायचे, पण ते वाक्य मला लागायचं. ते खरं ठरेल अशी भीती मलाही होती.

शेवटी त्याच जपानीच्या भरवशावर आम्ही चौघं जपानला गेलो: आई, मी, नवरा आणि लेक. शहरं बघून झाल्यावर लेकीने आम्हाला खेड्यापाड्यांतून जाणाऱ्या एका छोट्या गाडीत बसवलं. दोनच डबे, मोठाल्या खिडक्या, खाली नदी. चांगला देखावा आला की गाडी मुद्दाम हळू व्हायची. मी आणि लेक पुढच्या डब्यात, आई आणि नवरा मागच्या. आईने चढल्या चढल्या, आमच्याकडच्या नंजनगूडच्या गाडीत टाकावा तसा, खिडकीच्या जागेवर रुमाल टाकला. जागा आपल्या नावावर आधीच राखलेली आहे, हे तिला काही पटलं नाही. शेतांत कापलेलं भात बांबूंवर उलटं टांगून वाळत घातलेलं दिसलं तेव्हा मात्र ती खूश झाली. "आपल्या बन्नूरच्या भातवाल्या लोकांना हे दाखवायला पाहिजे की गे," म्हणाली.

तिची तक्रार एकच होती. "इथे जो तो मला सुम्ने म्हणतो. मी बोलले तरी काय?" लोक 'सुमिमासेन' म्हणत होते, म्हणजे 'माफ करा', 'जरा ऐकता का'. भरभर म्हटलं की त्याचं 'सुम्मासेन' होतं. लेकीने आजीला हे समजावलं, अर्थात कन्नडमध्ये. आईने मान डोलावली. आम्हाला वाटलं, कळलं.

एका जुन्या लाकडी स्टेशनवर गाडी फोटोंसाठी थांबली. सगळे खाली उतरले, आईही. शिट्टी झाल्यावर मी आणि लेक आमच्या डब्यात चढलो. आई माझ्या नवऱ्याबरोबर असेल असं मी धरून चालले. त्याने धरलं, ती आमच्याबरोबर चढली. पुढचा बोगदा संपल्यावर नवरा आमच्या डब्यात आला आणि म्हणाला, "आई बऱ्याच रमल्या वाटतं इकडे?" आई आमच्याकडे नव्हतीच. आईजवळ फोनसुद्धा नव्हता.

लेक उठली आणि सरळ गार्डकडे गेली. दुकानांत तिचं जपानी मी ऐकलं होतं, पण हे वेगळं होतं. आवाज कापत नव्हता, मान जिथे झुकायला हवी तिथे झुकत होती. गार्डने मागच्या स्टेशनला फोन लावला. आई सापडली होती. बाकावर बसून होती आणि तिथल्या बाईंनी कितीही विनवलं तरी उठायला तयार नव्हती.

त्या बाईंनी फोन आईच्या हातात दिला. बोलायला मी हात पुढे केला, पण फोन लेकीच्या कानाला होता आणि ती सुरूही झाली होती.

"ऐक, घाबरू नको. त्या बाई चांगल्या हायत. त्यांनी दुसऱ्या गाडीत बसवलं की सुम्ने बस, मध्ये कुठे उतरू नको. आम्ही पुढच्या स्टेशनात उभं राहतो. चहा दिला तर पी की, नको म्हणू नको."

एक सुम्ने सोडलं तर त्यात कन्नडचा शब्द नव्हता, आणि सुम्ने तर आमचाच. ही भाषा तिने कधी उचलली, मला पत्ता नव्हता. मी शिकवायला बसले नव्हते, आईही नाही. भीती कुठल्या कुठे पळाली आणि मला माझ्या लेकीचा इतका अभिमान वाटला की तो आवरेना.

पुढच्या गाडीने आई आली, हातात कोणीतरी दिलेलं केशरी फळ. उतरताच तिने आम्हालाच फैलावर घेतलं. "तो टोपीवाला वाकून सुम्ने म्हणून म्हणाला, हाताने बाक दाखवला. बसले. एवढ्या अदबीने सांगितलं तर ऐकायला नको?" बिचाऱ्याने बाकामागची गाडी दाखवली असणार. मग ती माझ्याकडे वळली. "बरं झालं तू बोललीस. नाहीतर मी उठले नसते."

"मी नव्हते, आई."

"मला माझ्या मुलीचा आवाज कळत नाही?"

मी लेकीला खांद्याला धरून पुढे केलं. आई तिच्याकडे बघत राहिली.

"परत बोल," ती म्हणाली.

लेक लाजली. "काय बोलू, आज्जी?"

आईने डोळ्यांना पदर लावला. "काहीही बोल."