जाहिरातीत नसलेला तलाव

पिशव्यांमधली माशांची पिल्लं तोंडं वर काढायला लागली होती आणि आमची गाडी एका रिसॉर्टच्या गेटसमोर उभी होती. ऑगस्टची अखेर, सकाळचे साडेनऊ, पण ऊन दुपारसारखं. वॉचमन आम्हाला खालपासून वरपर्यंत न्याहाळत होता.

"तलाव कुठे आहे?" मी विचारलं.

"इथी तलाव नाई, साहेब. पोहायचं टाकं आहे. बुकिंग हाय का तुमचं?"

मी मूल गावाजवळच्या एका हॅचरीत सुपरवायझर होतो. हॅचरी म्हणजे माशांची पिल्लं तयार करण्याची जागा. पिल्लू बोटाएवढं झालं की त्याला बोटुकली म्हणतात. ती प्लास्टिकच्या पिशवीत भरतात. थोडं पाणी, बाकी ऑक्सिजन, तोंडाला रबर घट्ट. पहाटे भरलेली पिशवी गार राहिली तर बोटुकली दुपारपर्यंत तग धरते. तापली, की ऑक्सिजन भराभर संपतो, पिल्लं तोंडं वर काढतात आणि सगळा खेळ आटोपतो.

गाडीत साठ पिशव्या होत्या. गोंडपिपरीच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या एका गावात त्या पोचवायच्या होत्या. तिथल्या मासेमारी करणाऱ्या बायकांनी गट काढून गावचा तलाव स्वतःकडे घेतला होता. शेवंताबाई त्यांच्या अध्यक्ष. आदल्या वर्षी दुसरीकडून आणलेली पिल्लं वाटेतच मेली आणि तलाव वर्षभर रिकामा राहिला. गावात हसं झालं. "औंदा मेले तं गट मोडते, भाऊ," असं त्यांनी मला हॅचरीत येऊन बजावलं होतं.

आणि चूक माझी होती. गुडघ्यांमुळे सात-आठ वर्षं मी पॅकिंग शेडच्या बाहेर पडलो नव्हतो. त्या दिवशी नेहमीचा माणूस तापाने पडला. शेठ म्हणाले, "तुम्ही जा. रस्ता पाठ असायचे दिवस गेले. मोबाइल सांगतो."

माझ्या ओळखीच्या रस्त्यावर पुलाचं काम निघालेलं. ड्रायव्हर दिवाकर नागपूरचा, या भागात नवा. मी नकाशाच्या ॲपमध्ये गावाचं नाव आणि पुढे 'तलाव' असं टाकलं. पहिल्याच ओळीत ठळक खूण आली, सोबत फोटो. पायऱ्या, पाणी, काठाला झाडं. आमच्या धंद्यातल्या माणसाला पाणी दाखवलं की तो पुढचं वाचत नाही. मी बोट ठेवलं.

आता गेटसमोर चष्मा लावून वाचलं. नावाखाली बारीक अक्षरांत 'प्रायोजित' असं होतं. म्हणजे रिसॉर्टवाल्याने पैसे भरून वरची जागा घेतली होती. मी यादी खाली सरकवत गेलो. दोन ढाबे, एक लॉन, एक पेट्रोल पंप. आमचा तलाव नव्हताच. तलाव कशाला जाहिरात देईल?

"हा तर आता मागं जा म्हणून राह्यला," दिवाकर स्क्रीनकडे बघून वैतागला. "काऊन ऐकायचं याचं?"

मी शेवंताबाईंना फोन लावला. लाज वाटत होती.

"बाई, आम्ही वाट चुकलो."

"पिल्लं कशी हायेत?"

"आहेत अजून."

"मंग गाडी उभी नोका ठेवू. पाणी हालत राह्यलं तं जगतात." मी कुठे आहे ते त्यांनी विचारून घेतलं. "कालव्याच्या अंगानं या. बोड्या लागतीन. दरेक बोडीच्या पाळीवर आपलं मानूस उभं राह्यते. आमी फोन लावून राह्यलो."

बोडी म्हणजे शेतातलं लहान तळं. या भागात तळं तिथे मासेमारी करणाऱ्यांची घरं, आणि ते सगळे एकमेकांचे सोयरे. मी नोकरीला लागलो तेव्हा असाच जायचो. तेव्हा ऑक्सिजनची पिशवीही नव्हती, पत्र्याच्या डब्यातलं पाणी हाताने हलवत बसायचं. कुणाला रस्ता विचारला की तो अर्ध्या वाटेपर्यंत सोबत यायचा, वर घरी नेऊन चहा पाजायचा. त्या दिवसांची मला फार आठवण येते. आणि गाडीत बसल्या बसल्या जाणवलं, की विचारणं मीच सोडलं होतं. माणसं होती तिथेच होती.

पहिल्या पाळीवर, म्हणजे बोडीच्या बांधावर, खांद्यावर जाळं टाकलेला एक म्हातारा उभा होता. त्याने उजवीकडे हात केला. पुढच्या पाळीवर एक बाई निंदण सोडून आलेली, चिखलाच्या पायांनी. "डाव्या हातानं जा, भाऊ. मोहाचं झाड सोडलं की वळा." दिवाकरने मोबाइल खिशात टाकला.

तासाभरात पोचलो. घाई असली तरी पिशवी लगेच फोडायची नसते. ती तशीच तलावात तरंगत ठेवतात, आतलं-बाहेरचं पाणी सारखं गार होईपर्यंत. नाहीतर वाचलेली पिल्लं तिथे मरतात. बायका कमरेएवढ्या पाण्यात पिशव्यांना हात लावून उभ्या राहिल्या. मी काठावर बसलो.

अकरा पिशव्यांमधली पिल्लं गेली होती. उरलेल्या एकेक करून उघडल्या. पिल्लं सुळकन खाली गेली.

"अकरा गेल्या, बाई. माझ्यामुळे," मी म्हटलं.

"एकोनपन्नास आल्या ना?" शेवंताबाई पदर पिळत म्हणाल्या. "आता कोनी हासून दाखवा म्हना."

त्या हिवाळ्यात मी त्या ॲपला पर्याय शोधला. लोकांनीच मिळून बनवलेला, जाहिराती नसलेला एक नकाशा मोबाइलमध्ये चालतो. रेंज नसली तरी उघडतो. त्यातही आमचे तलाव नव्हते, पण तिथे ते आपल्याला मांडता येतात. मी आणि शेवंताबाई दिवाकरच्या गाडीतून हिंडलो. बाई बोडीचं नाव सांगत, मी खूण करत असे. पाळ कुठून चढायची, पावसाळ्यात कुठे गाडी फसते, तेही लिहिलं.

उन्हाळ्यात त्या तलावात पहिलं मोठं जाळं पडलं. ते ओढायला गटाच्या बायका कमी पडल्या. पूर्वी गटाला हसणारे गावातले पुरुष मग न बोलावता पाण्यात उतरले.

शेठ अजून विचारतात, रस्त्यासाठी कोणतं ॲप चांगलं? मी सांगतो, ज्याला आपल्याला काही विकायचं नाही ते. आणि तेही उघडण्याआधी, ज्या गावाला जायचं तिथल्या माणसाला एक फोन करावा. मासे नेत नसाल तरी.