केळीला झाड म्हणू नये

केळ हे झाड नव्हे, रोपटं आहे, हे मी नोकरीभर वर्गात घसा फोडून सांगितलं. खोडात लाकूड तयार होत नाही ते रोपटं, मग उंची कितीही असो. केळीचं खोड म्हणून आपल्याला दिसतात ती एकमेकांभोवती गुंडाळलेली सोपटं. खरं खोड जमिनीखाली. कोणी 'केळीचे झाड' लिहिलं की मी लाल रेघ मारायचे. आता त्या रेघेचीही शिसारी येते.

निवृत्तीनंतर मी बंगळूरला, व्हाइटफील्डमध्ये मुलाकडे आले. आमच्या सोसायटीत बागकाम करणाऱ्या अक्कानं पंपघरामागे केळ लावली होती. टाकीतून वाहून जाणारं पाणी बादलीनं घालून वाढवली. यंदा पहिला घड धरला. तो आनेकलजवळच्या आपल्या गावी देवीपुढे ठेवायचं ती बोलली होती. येता-जाता मला थांबवून फण्या दाखवायची.

कमिटीला मात्र त्या जागी पाहुण्यांच्या गाड्या लावायच्या होत्या, आणि झाड तोडायचं तर आधी परवानगी काढावी लागते. मीटिंगमध्ये सेक्रेटरीनं, आपल्या पुण्याकडचाच मुलगा, मला उभं केलं.

"काकू, तुम्ही बॉटनीच्या ना? टेक्निकली केळ ट्री आहे का?"

झालं. निवृत्त झाल्यापासून मला कोणी काही विचारलंच नव्हतं. त्यानं मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, आणि हरभऱ्याचंही झाड नसतं हे शिकवणारी मी चढले. सोपटं, कंद, लाकूड, सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, मग परमिशनचा प्रश्नच नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला कळलं होतं काय ते, तरी मी पदर सावरून खाली बसले.

दुसऱ्या दिवशी कोयत्याच्या चार घावांत केळ आडवी झाली. अक्का तेव्हा गावी गेली होती. कोवळ्या घडासकट सगळं कचऱ्याच्या डब्यांमागे ढकललं आणि ते तिथेच कुजलं. काळा चिकट रस, चिलटं, आंबूस घाण वास. त्याच कमिटीतले लोक नाकाला रुमाल लावून, 'शी, डिस्गस्टिंग' म्हणत ऑफिसच्या कॅबकडे जायचे. मला त्यांची किळस यायची, आणि त्यांच्यापेक्षा माझी जास्त.

पाचव्या दिवशी अक्का परतली. पुढच्या अमावस्येला घड आणते, असं देवीला सांगूनच आली होती. वॉचमननं तिला मीटिंगचं सगळं सांगितलं. ती त्या ढिगाशी वाकली, काळा पडलेला घड हातात घेतला, तर एक फणी गळून पडली. मी मागे उभी होते. तिनं ना आदळआपट केली, ना कोणाला शिव्या दिल्या. नुसतं विचारलं, "टीचरम्मा, काटनेवाले हैं, आपको मालूम था?"

मी नाही म्हणाले. त्या सगळ्या प्रकरणात मी दिलेलं तेवढं एकच उत्तर चुकीचं होतं.

"सरी," ती म्हणाली, म्हणजे कन्नडमध्ये 'बरं', आणि खराटा घेऊन तो चिखल ओढू लागली.