हणमंतानं माझ्या हातात दिलेली पोरगी

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून बाहेर जाणारा मी माणूस. सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली. गाडी बंद पडली तर तिला कारण असतं, आणि ते सापडत नसेल तर आपण नीट बघितलेलं नाही — माझं डोकं एवढंच चालतं. इथे लोक लिहितात ते अनुभव माझी सून मोबाईलवर वाचून दाखवते तेव्हाही मी प्रत्येकात खोट काढतो. शेवटी ती वैतागून म्हणाली, "बाबा, मग तुमचं तुम्हीच लिहा ना."

तिला कुठे माहीत होतं, माझ्याकडे लिहिण्यासारखं काही आहे ते...

ती हाफ मॅरेथॉन पळते. मध्यंतरी एक शर्यत झाल्यावर तिच्या ग्रुपची मंडळी आमच्या हॉलमध्ये चहा घेत बसली होती. कुणाला कुठे पेटका आला, कोण कुठे मागे पडलं, कुणाला शेवटी काय काय दिसायला लागलं... हसणं-खिदळणं चाललं होतं. मी मात्र तिथून उठलो. कारण एकदा असंच पळून आल्यावर आम्हीही बसलो होतो. असंच हसत होतो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झालेली. आमचं गाव कुंडलच्या अलीकडे, कृष्णेच्या कॅनॉलवर. चैत्रात जत्रा असायची आणि जत्रेत कुस्त्या ठरलेल्या. त्या वर्षी तालमीच्या वस्तादांच्या डोक्यात आलं की पोरांची पळायची शर्यत घ्यायची. सातारा जिल्ह्यातल्या एका पुलापासून निघायचं आणि कॅनॉलच्या भरावावरून पळत सांगली जिल्ह्यात आमच्या शाळेपर्यंत यायचं. तेरा मैल. हाफ मॅरेथॉन हा शब्द आम्ही ऐकलेला नव्हता, पण अंतर तेवढंच. पहिल्याला पितळी घागर आणि फेटा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. कॅनॉल तेव्हा कोरडा होता. गाळ काढायला पाणी बंद केलं होतं, त्याला पंधरवडा तरी होऊन गेला होता. तळाचा गाळ वाळून त्याला भेगा पडल्या होत्या, आणि त्यात शेरडं फिरत होती.

हणमंता माझा जिवलग. फौजेत होता, सुट्टीवर आला होता. तो पळणार म्हटल्यावर घागर त्याचीच, हे आम्ही धरूनच चाललो होतो. दिवस उगवायला आम्हाला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून त्या पुलावर नेऊन सोडलं. दहा-बारा जण असू. बहुतेक सगळे अनवाणी. वस्तादांच्या माणसानं शिट्टी मारली आणि हणमंता जो सुटला तो बघता बघता पुढच्या वळणाआड गेला. त्याच्यामागे बाबू, मग मी, आणि माझ्या मागे शंकर. बाकीचे निम्म्यातच गळाले.

निम्म्याच्या पुढे जुनी मोरी लागते. ओढा तिथे कॅनॉलच्या खालून जातो, दगडी बांधकाम आहे. मोरीपर्यंत मी मजेत पळत होतो. मोरी ओलांडली आणि माझा डावा खांदा जड झाला. दुखणं नव्हतं ते. वजन होतं. आणि गार! ऊन चांगलंच वर आलेलं, अंगाची लाही झालेली, आणि खांद्यापासून पाठीपर्यंत गारठा. मला वाटलं, वारं भरलं असेल. तसाच वाकून पळत राहिलो. पुढे बरंच अंतर गेल्यावर धनगरांचा तळ होता. माण तालुक्यातली, म्हसवडकडची माणसं, ऊस निघालेल्या रानात मेंढरं बसवायला आलेली. तो तळ मागे पडला आणि वजन एकदम गेलं. इतकं एकदम की मी धडपडलो. तेवढ्यात शंकर हसत हसत मला मागे टाकून पुढे गेला.

शाळेपाशी पोचलो तर हलगी थांबलेली. बाबू पायरीवर बसला होता आणि वस्ताद त्याच्यासमोर उभे.

"दत्ता, हणमंता कुठाय रं?" वस्तादांनी मला विचारलं.

"कुठाय म्हंजे? आला न्हाई?"

"मी पयला आलोय," बाबू म्हणाला. घागर मिळणार याचा आनंद त्याच्या तोंडावर कुठेच नव्हता. "आन् मी काय त्याला मागं टाकल्यालं न्हाई. वाटंत दिसलाच न्हाई गड्या."

मी मागे टाकला नव्हता, शंकरनंही नाही. वाट एकच. बैलगाडी जाईल एवढी रुंद. एका अंगाला कोरडा कॅनॉल, दुसऱ्या अंगाला रान. "परसाकडला बसला आसंल कुठं उसात," शंकर म्हणाला, आणि आम्ही हसलो. शेंगा-गूळ आला. सावलीला बसून खात खात एकेकजण आपलं सांगायला लागला.

बाबू म्हणाला, "मला त्या मोरीपशी लय भ्या वाटलं बरं का. बाई वरडत हुती. 'पोर गेली, पोर गेली' म्हणून. मी हिकडं तिकडं बघितलं, कोन न्हाई. म्हनलं रानात कुनाचं तरी भांडान आसंल."

मी माझ्या खांद्याचं सांगितलं. सगळे हसले. शंकर नाही हसला. त्यानं हातातल्या शेंगा खाली ठेवल्या.

"व्हय रं, तेच इचारनार हुतो तुला. मोरीपासनं तू असा का पळत हुतास? डावा हात वर धरून... खांद्यावर कायतरी घेतल्यागत. आन् धनगरांच्या तळाला थांबलास कशाला? थांबला नसतास तर मी तुला गाठलंच नसतं."

"मी कुठं थांबलो?"

"आता काय सांगावं! चांगला खाली वाकून हुतास की."

मी वाद घालणार, तेवढ्यात कुणीतरी ओरडलं — "आला, आला!"

हणमंता येत होता. पळत नव्हता, चालत होता. आणि डोक्यापासून पायापर्यंत चिंब भिजलेला होता. घामानं नव्हे. चड्डीतून पाणी निथळत होतं, केसांत शेवाळ होतं, पोटऱ्या गाळानं माखलेल्या. गळ्यावर बारीक बारीक ओरखडे, लहान नखांचे असावेत तसे. आम्ही सगळे उभे राहिलो. हलगीवाला सुद्धा.

तो कुणाकडे न बघता सरळ माझ्यापाशी आला.

"पोरगी कशी हाय?"

"कसली पोरगी?"

"दत्ता, चेष्टा नको. शुद्धीवर आली का? दवाखान्यात नेली का कुनी?"

वस्ताद म्हणाले, "हणमंता, तू बस आधी. पानी पी."

"बसू कुठं वस्ताद! आवं, मोरीपशी पोर पान्यात गेली हुती. पाच-सा वर्साची, पिवळा परकर. आय काठावर उर बडवत हुती. मी उडी टाकली. लय वढ हुती पान्याला. पोर गळ्याला मिठी मारून बसली, सोडंना. तवर हा आला. मी खालनं वर धरली, ह्यानं वाकून घेतली, खांद्यावर टाकली आन् पळत सुटला. माजं पाय गाळात रुतलं, म्हनून मला येळ लागला. इचारा की ह्याला!"

शंकरनं माझ्याकडे बघितलं ते मला अजून दिसतं.

"हणमंता," वस्ताद शांतपणे म्हणाले, "कॅनॉलला पानी कुठं हाय?"

त्यानं वळून बघितलं. शाळेच्या समोरूनच कॅनॉल जातो. तळात शेरडं चरत होती. किती वेळ तो तिकडे बघत राहिला. मग एकदम त्यानं माझं बनियन धरलं आणि मला गदागदा हलवलं.

"कुठं ठिवलीस? दत्ता, कुठं ठिवलीस तिला? मी जिती दिली हुती तुझ्या हातात!"

चौघांनी त्याला मागे ओढला. कुणी म्हणालं, विहिरीत पडला असेल, उन्हानं भ्रम झाला असेल. तो ओरडला, "हिरीला वढ असती व्हय रं?" वस्तादांनी हुकूम सोडला — सायकली काढा. वस्ताद, हणमंता, शंकर आणि मी, तसेच भरावावरून मागे निघालो. हणमंता माझ्या पुढे होता आणि त्याच्या ओल्या चड्डीचे थेंब धुळीत पडत होते.

मोरीपाशी उतरलो. कॅनॉल कोरडा ठणठणीत. मी एसटीतला माणूस... तेव्हा नुकताच लागलो होतो, पण बघायची सवय तेव्हाही होती. मी खाली बसून बघायला लागलो. धुळीत हणमंताची पावलं पळत आलेली, लांब ढांगांची. मध्येच वळून ती कॅनॉलच्या उतारावर गेलेली. तळाच्या भेगाळ गाळात एकही पाऊल नाही. आणि थोडं पुढे, त्याच उतारावर, वर येणारी पावलं. ती चिखलाची. सावलीतली तर अजून ओली होती. वस्तादांनी बोट लावून बघितलं आणि बोट धोतराला पुसलं.

"दत्ता, हिकडं ये," शंकर म्हणाला.

उताराच्या अगदी कडेला दोन पावलं शेजारी शेजारी रुतली होती. वाकून वजन उचलताना माणूस जसा पाय रोवतो तशी. माझ्या उजव्या पायाचा अंगठा लहानपणी कुऱ्हाडीनं तुटलेला आहे. त्या ठशातही तो नव्हता. तरी मी वेड्यासारखा माझा पाय त्यात ठेवून बघितला. बसला.

मी तिथे थांबलो नव्हतो! मला मोरी आठवते, तिचा कठडा आठवतो, कठड्यावर बसलेला साळुंक्यांचा जोडा आठवतो. मी त्यांच्यासमोरून पळत गेलो. न थांबता.

हणमंता माझ्याकडे बघत होता. आता त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती. "मग पुढं कुठं नेलीस रं?" तो हळू म्हणाला.

येताना आम्ही धनगरांच्या तळावर थांबलो. एक म्हातारी तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापत होती. आम्हाला बघून दोन कुत्री अशी अंगावर आली की शंकर सायकलीसकट पडला. म्हातारीनं हाकारून त्यांना मागे घेतलं. मी लांबूनच विचारलं, "मावशी, सकाळी मी हितनं पळत गेलो. मी थांबलो हुतो का हितं?"

तिनं डोळ्यांवर हात धरून मला न्याहाळलं.

"व्हय की लेकरा. त्या बाभळीखाली थांबलास. वाकलास. खांद्यावरनं कायतरी उतरिवल्यागत केलंस. मला वाटलं पोटात कळ आली आसंल. मी हाक बी मारली, तू बघितलं न्हाईस."

"आन् मग?"

"मग तू गेलास पळत. आमची कुत्री मातूर आज सकाळी जशी वागली तशी कवा वागली न्हाईत. तुमी बघितलंच ना आत्ता, परक्याला सोडत न्हाईत. पर तू वाकलास तवा ती उठली, भुंकली न्हाईत. शेपट्या हालवत त्या पायवाटंनं निघाली, माळाकडं. थोडं जायची, थांबायची, बाजूला बघायची, परत चालायची. बारक्या पोरासंगं चालत्यात तशी. मी म्हनलं, कुनाबरूबर चाललीत गं बया? माळावर दिसंनाशी झाली, आन् मग दमानं माघारी आली."

वस्तादांनी टोपी काढून हातात घेतली. पायवाट माळावर चढून पलीकडे उतरत होती. वाटेवर कुणी नव्हतं. कुत्री आमच्याकडे बघून गुरगुरत होती.

हणमंता मटकन खाली बसला.

"चालत गेली म्हन्ती," तो म्हणाला. "दत्ता, ऐकलंस? चालत गेली. पानी पोटात गेल्यालं पोर चालत न्हाई. चालली म्हंजे वाचली रं गड्या."

आणि तो फौजेतला माणूस गुडघ्यांत डोकं घालून रडायला लागला. म्हातारीनं त्याला पाणी दिलं.

नंतर आम्ही चौकशी करायची बाकी ठेवली नाही. आसपासच्या गावांत कुणाचं पोर हरवलं नव्हतं. पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्यालाही विचारलं. त्या मोरीपाशी कधी कुणी बुडाल्याचं त्याला आठवत नव्हतं, गावातल्या म्हाताऱ्यांनाही नाही. पोरगी कधीची, कुणाची, तिची आई कोण... काही म्हणता काही लागलं नाही. वस्तादांनी पुन्हा ती शर्यत घेतली नाही. घागर बाबूकडेच राहिली, पण त्यानं ती घरात कधी वापरली नाही.

हणमंता सुट्टी संपवून गेला, पुढे रिटायर होऊन गावी आला, चार वर्षांपूर्वी वारला. त्याच्या मनात शंका अशी कधीच नव्हती. त्यानं पोर वाचवली होती, बस्स. नातवंडांनाही तो तसंच सांगायचा — "मी काढली, तुमच्या दत्ता आजोबानं पोचवली." सगळी माझ्याकडे बघायची आणि मी मान हलवायचो.

तो भ्रमात होता म्हणावं, तर शंकरनं मला बघितलं, म्हातारीनं बघितलं, आणि अंगठा नसलेला तो ठसा मी स्वतः बघितला. पाणी कुठून आलं याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण त्याहून जास्त एक गोष्ट मला आजही झोपेतून उठवते. त्या सकाळी मी दोनदा थांबलो. एकदा एक लेकरू हातात घेतलं, एकदा खाली ठेवलं. इतरांनी ते बघितलं आणि मला त्यातलं काहीच आठवत नाही. तिचा चेहरा कसा होता, ती माझ्याशी काही बोलली का, मी तिला काही म्हणालो का...

मला फक्त खांद्यावरचा तो गारवा आठवतो.