बाबांनी पेटीत ठेवलेलं पुस्तक

बाबांवर मी आयुष्यात एकदाच आवाज चढवला. तोही व्हिएन्नात, एका चित्रसंग्रहालयाच्या दालनात, जिथे लोक खोकतानासुद्धा तोंडाला रुमाल लावतात.

बाबा गोंदियाजवळच्या गोरेगावच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. त्यांना सत्तर पूर्ण झाली तेव्हा मी विचारलं, कुठे फिरायला जायचं? मला वाटलं काशी म्हणतील. ते म्हणाले, "चित्रं पाहाचे आहेत. खरे. छापलेले नाही." आईने गुडघ्यांचं कारण सांगून हात वर केले. मी गोंदियाला वीज खात्यात इंजिनियर, तिथल्याच मुर्री भागात एकटी राहते, रजा साठलेली होती. पासपोर्टपासून लोकरीच्या टोपीपर्यंत सगळं मी केलं आणि सहा दिवसांसाठी आम्ही दोघं निघालो.

पहिला दिवस चांगला गेला, हे कबूल केलं पाहिजे. बाबा हात मागे बांधून एकेका चित्रापुढे उभे राहायचे, मग हळूच इतकं जवळ जायचे की कोपऱ्यातली पहारेकरी बाई खुर्चीतून उठायची. मी त्यांच्या कोपराला धरून मागे ओढायची. "हा निळा बघ," ते म्हणायचे, "याच्या खाली पहिले तपकिरी मारला असन. त्याच्यावर पातळ निळा. म्हणून तो आतून येऊन राहिला." मी मान डोलवत होते. सत्तर वर्षांचा माणूस एवढा खूश झालेला मी पाहिला नव्हता. पण संध्याकाळी हॉटेलात त्यांचे मोजे खोली गरम ठेवणाऱ्या रेडिएटरवर वाळत घालताना माझ्या लक्षात आलं, की मी दिवसभर दात आवळून हिंडत होते. का, ते तेव्हा कळलं नाही. किंवा कळून घ्यायचं नव्हतं.

बारावीनंतर मला नागपूरला चित्रकला शिकायला जायचं होतं. बाबा म्हणाले, नाही. कारण विचारलं तर म्हणाले, "चित्रानं पोट नाही भरत," आणि सायकल घेऊन बाहेर गेले. आठ दिवसांत माझे रंग, ब्रश, कागदांची गुंडाळी त्यांनी शाळेच्या कपाटात नेऊन ठेवली. इतर पोरांना वापरायला. मी पॉलिटेक्निकला गेले, मग डिग्री केली, नोकरी लागली. रडारड झाली नाही. आमच्या घरी अशा गोष्टींवर दुसऱ्यांदा बोलत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा त्याच संग्रहालयात गेलो. एका दालनात पुण्याचं एक जोडपं भेटलं. मराठी ऐकून ते थांबले, कुठले, काय, विचारपूस झाली. त्या बाईंनी मला विचारलं, "तुम्हीपण चित्रं काढता का?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा हसून म्हणाले, "नाही हो. हिला यातलं काही कळत नाही. इंजिनियर आहे. लहानपणापासून मशीनची आवड. मीच आपलं समजावून सांगतोय."

पुण्याच्या माणसांशी बोलताना बाबा शाळेतली मराठी काढतात. त्या शुद्ध मराठीत ते माझ्याबद्दल खोटं बोलत होते, आणि त्यांच्या तोंडावर लाजेचा लवलेश नव्हता. मला वाटतं, तोवर त्यांना स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं होतं.

जोडपं पुढे गेलं. बाबा पुढच्या भिंतीकडे वळले आणि एका मोठ्या चित्रापुढे थबकले. खेड्यातल्या लग्नाची पंगत. धान्याच्या कोठारात लोक बाकांवर दाटीवाटीने बसलेत, दोन माणसं एक उखडलेलं दारच ताटासारखं धरून त्यावर वाडगे घेऊन येतायत. आमच्याकडच्या लग्नात वाढपी घमेली घेऊन धावतात तशी घाई सगळ्या चित्रात.

"त्या वाढणाऱ्याचे पाय मोज," बाबा म्हणाले. "एक जास्त आहे."

मी मोजले. खरंच एक पाऊल कुणाचं ते कळत नव्हतं.

"तुम्हाला कसं माहीत?"

"पुस्तक आहे ना माह्याकडे. नागपूरले शिकत होतो तेव्हा जुन्या बाजारातून आणलो होतो. पानभर छापलं आहे हे. रंगीत."

"कुठे आहे पुस्तक?"

"पेटीत."

आमच्या घरात पलंगाखाली एक लोखंडी पेटी आहे. तिला कुलूप असतं, आणि बाबा रोज रात्री खोलीचं दार लावून ती उघडायचे. आत जमिनीचे कागद आहेत असं आम्हाला सांगितलेलं होतं.

"मी कधी पाहिलं नाही ते."

बाबा चित्राकडेच बघत होते. सहज बोलल्यासारखे म्हणाले, "तू दहावीत गेली तेव्हा ठेवून देल्लो. तू लय चित्रं काढून राहिली होती तेव्हा. म्हटलं, हाती लागलं तर पोरगी काही ऐकणार नाही."

तिथे माझा आवाज चढला. नेमके शब्द आठवत नाहीत, पण असं काहीतरी: तुम्ही रोज दार लावून ते पुस्तक पाहत होतात आणि मी वहीच्या मागच्या पानावर बैल काढत होते. माझे रंग नेले, पुस्तक लपवलं, आणि आज इथे उभं राहून लोकांना सांगता की हिला काही कळत नाही. कळू दिलंत कुठे तुम्ही?

पहारेकरी बाई आली. तिने तळहात खाली-खाली केला, लहान मुलाला शांत करतात तसा. आजूबाजूची माणसं जमिनीकडे बघत होती. मी बाहेर पडले. बाबा मागून आले. जिन्याजवळ एक दगडी बाक होता, त्यावर मधे हातभर जागा सोडून बसलो.

ते म्हणाले, "तुले माहीत नाही काय होते त्या नोकरीत."

"सांगा मग."

त्यांनी सांगितलं. बाकांवर नंबर टाकायचे ते मास्तरांनी. संडासांवर 'मुली' आणि 'मुले' लिहायचं मास्तरांनी. कुणी रजेवर गेलं की तो तास ड्रॉइंगवाल्याला. पालक आले की हेडमास्तर ओळख करून द्यायचे, "हे आमचे पेंटर." आणि निवृत्तीच्या दिवशी, सगळ्यांच्या देखत, कुणीतरी खडूचा डबा त्यांच्याच हातात आणून दिला.

"निरोप समारंभाचा फळा मलेच लिवाले लावला," बाबा म्हणाले. "माह्यंच नाव. मी फुलं काढून लिहिलो. चांगला झाला होता फळा. पहिल्या दिवसापासून असंच होतं. तू कायले असल्या नोकरीत जावं? म्हणून नाही पाठवलो."

मला वाईट वाटलं. वाईट वाटल्याचा आणखी राग आला. या माणसाने इतकी वर्षं हे गिळलं, आणि आता ते पुढे करून माझं बोलणंच संपवत होता.

"अपमान तुमचा झाला बाबा," मी म्हटलं. "शिक्षा मला केली."

दिवसभर मग आम्ही पाणी, जिना, ट्राम एवढेच शब्द वापरले.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते आंघोळीला गेले असताना मी निघाले. टेबलावर चिठ्ठी ठेवली: संग्रहालयात जाते, दुपारी येईन, खाली नाश्ता करून घ्या. वाटेतल्या दुकानातून एक साधी वही आणि दोन पेन्सिली घेतल्या. आदल्या दिवशी काहीजण बसून चित्रं उतरवताना पाहिले होते, म्हणजे पेन्सिल चालत असावी.

पंगतीच्या चित्रापुढे बसायला मन झालं नाही. शेजारच्या दालनात एका म्हाताऱ्या बाईचं साधं चित्र होतं, डोक्यावर पांढरा फडका, हात मांडीवर. तिच्यापुढे बसून मी सुरुवात केली, आणि पहिल्या पाच मिनिटांतच कळलं की माझा हात गेला आहे. डोळ्याला दिसत होतं, हात ऐकत नव्हता. सतरा वर्षांची असताना मी यापेक्षा चांगलं काढत होते. मी कागद उलटवत गेले, एक, दोन, चार. डोळ्यांत पाणी आलं ते दुःखाचं नव्हतं. त्या क्षणी बाबा समोर असते तर मी काय बोलले असते, सांगता येत नाही.

तासाभराने ते खरोखरच समोर आले. ज्यांना इंग्रजी वाचता येतं पण बोलताना घाम फुटतो, ते बाबा हॉटेलचं कार्ड खिशात घेऊन, एकटे ट्रामने, टोपी उलटी घालून. दाराशी उभे राहून ते दालनातल्या एकेका माणसाचं तोंड बघत होते. मी हाक मारली नाही. शोधू दे, असं वाटलं.

त्यांनी मला पाहिलं आणि येऊन शेजारी बसले. दम लागला होता. वहीकडे पाहिलं, भिंतीवरच्या बाईकडे पाहिलं, आणि सवयीने त्यांचा हात माझ्या पेन्सिलीकडे आला. "खांदा लय वर गेला. हे बघ, इथून..."

"हात नका लावू."

त्यांनी हात मागे घेतला. मांडीवर ठेवला. मी खांदा पुसला नाही, तसाच ठेवला, चुकीचा. त्यांना तो चुकीचा खांदा डोळ्यांत खुपत होता हे मला दिसत होतं, आणि ते मला हवं होतं.

भिंतीवरच्या बाईकडे बघतच ते म्हणाले, "मी चुकलो असन."

"असन नाही," मी म्हटलं. "चुकलात."

"बरं. चुकलो."

मी पुढचं पान उघडलं आणि पुन्हा त्या बाईच्या फडक्यापासून सुरुवात केली. संग्रहालय बंद होईपर्यंत आम्ही तिथेच होतो. मी काढत होते, ते बसून होते. दोनदा जाऊन त्यांनी माझ्यासाठी पाणी आणलं. एकदाही वहीकडे बोट केलं नाही, यासाठी त्यांना किती जोर लावावा लागला असेल ते मला माहीत आहे. राग मात्र गेला नाही. त्यांनी कबूल केलं म्हणून माझी पंचवीस वर्षं परत येणार नव्हती, आणि बाहेर थंडीत त्यांचा हात धरून रस्ता ओलांडतानाही मी त्यांच्यावर चिडलेलीच होते.